हिरव्याचा आहार

माझ्या नातीनं मला विचारलं, "आजोबा, हा काय खातो?" आणि मी बेधडक खोटं बोललो. त्या खोट्याची ही हकिकत आहे. मी सातवी पास माणूस, लिहिण्याची सवय नाही. जमेल तसं सरळ सांगतो.

"हा" म्हणजे एक हिरवा मोजा. माझ्या बायकोनं केलेला. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी इथं अमेरिकेत, शुगर लँडला लेकीकडं आलो होतो. इथल्या कपडे वाळवायच्या मशीनमधून मोज्याचा जोड कधी धड बाहेर येत नाही, एक येतो नि एक हरवतो. ते एकेकटे राहिलेले मोजे लेक फेकून द्यायची. बायकोला ते बघवेना. तिनं जावयाच्या एका हिरव्या मोज्याला काळ्या ब्लाउजपीसची दोन शिंगं शिवली, तोंडाला आतून लाल अस्तर लावलं, डोळ्यांना दोन बटणं, एक मोठं, एक बारीक. हात घालून बोटं हलवली की तो बोलायचा. नात तेव्हा चार वर्षांची होती. ती तासन्‌तास त्याच्याशी बोलत बसे. मग एक पिवळा झाला, एक ठिपक्यांचा झाला. ते दोघं नातीचे. हिरवा मात्र आजीचा ठरला. परत जाताना आजीनं तो आपल्या पिशवीत घातला आणि पुढं दर रविवारी सकाळी, म्हणजे इथल्या शनिवारी संध्याकाळी, तो फोनच्या व्हिडिओवरून नातीशी गप्पा मारायचा.

मी मागं पेपर वाचत बसायचो. घरी कुणी आलं की मुद्दाम सांगायचो, "आमच्या मंडळी हल्ली मोज्यांशी बोलतात." लोक हसायचे. ती हात मांडीवर ठेवायची, हिरव्याचं तोंड मिटायचं.

दीड वर्षापूर्वी ती गेली. लेकीनं मला इकडं आणलं. सामानात मी हिरवा आणला. त्यात माझी माया वगैरे काही नव्हती, नातीनं फोनवर चारदा बजावलं होतं म्हणून आणला.

नात आता आठ वर्षांची आहे. ह्या वर्षी तिच्या शाळेत प्रत्येक मुलानं एका प्राण्याचा अभ्यास करून मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायचा होता. शरीर कसं, राहतो कुठं, खातो काय. प्राणी खरा असो वा मनातला, टीचरला दोन्ही चालणार होतं. पण मनातला असला तरी वाटेल ते लिहायचं नाही, प्रत्येक गोष्टीला कारण पाहिजे. वर्गात तिघांनी वाघ घेतला, दोघांनी डायनासोर. आमच्या पोरीनं हिरवा घेतला.

"आजोबा, तू ॲनिमल डॉक्टर होतास ना?"

ती मला अरे-तुरे करते. तिच्या आजीला ते आवडायचं.

"डॉक्टर नव्हतो गं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होतो. डॉक्टर सुई टोचायचे, मी जनावर धरायचो. जखमा धुवायचो, पट्ट्या बांधायचो."

"गुड इनफ," ती म्हणाली आणि हिरव्याला जेवणाच्या टेबलावर उताणा टाकला. "एक्झामिन कर."

मी केलं. आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, जनावराच्या तोंडात हात घातल्याशिवाय त्याच्याविषयी बोलू नये. मी बोट घातलं.

"दात किती? लिही."

"झीरो. आजोबा, मोज्याला दात नसतात."

"गाईला तरी वरचे पुढचे दात कुठं असतात?"

"यू आर लाइंग."

"आईच्या कॉम्प्युटरला विचार."

तिनं विचारलं. खरं निघालं. तेव्हापासून माझा भाव वधारला. मी तिला दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असं दातांवरून बैलाचं वय कसं सांगतात ते सांगितलं. रवंथ करून दाखवला. गाय घास कसा परत वर आणते, जबडा कसा आडवा फिरवते, ते बघून ती म्हणाली, "एऽऽव," आणि मग म्हणाली, "परत कर."

डोळ्यांवर आमचा वाद झाला. मी म्हटलं, डोळे डोक्याच्या बाजूला असले तर प्राणी चारा खाणारा, त्याला चहूकडं लक्ष ठेवावं लागतं. समोर असले तर दुसऱ्याला मारून खाणारा. हिरव्याचं मोठं बटण बाजूला होतं आणि बारीक बटण जवळजवळ समोर.

"म्हणजे अर्धी शेळी, अर्धा वाघ," मी म्हटलं.

"ऑम्निव्होर! सगळं खाणारा."

"म्हणजे तुझा बाप."

ती खुर्चीतून पडायची राहिली. मी पुढं विचारलं, "शेण कुठून टाकतो?" आणि मग ती खरंच पडली. पण मी थट्टा करत नव्हतो. आमच्या दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा शेण बघायचे, मग जनावर. शेण पाहिल्याशिवाय आहार कळत नाही. ती उठली, मोजा उलटा धरला आणि आत बघत म्हणाली, "आजोबा, ह्याचं खालचं सगळंच भोक आहे."

असे तीन दिवस गेले. शाळेची बस साडेतीनला यायची. मी तीनपासून खिडकीत उभा राहायचो. बायको गेल्यावर मी पहिल्यांदा पोट धरून हसलो ते ह्या तीन दिवसांत. आणि हसलो ते तिच्याच मोज्यावर. ती जिवंत असताना एकदाही मी तो हातात घेतला नव्हता. एकदा तिनं विचारलंही होतं, "अहो, तुम्हाला जनावरातलं कळतं, सांगा ना, ह्याला काय खायला लागेल?" मी म्हटलं होतं, "तो मोजा आहे. पाय खातो." नातीसमोर म्हटलं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही पोटाशी येऊन अडलो. दात नाहीत, घसा नाही, खालचं अंगच नाही. खाल्लेलं जाणार कुठं? मग नातीनं हिरवा हातात घातला, बोटं हलवली, काढला, परत घातला.

"हात!" ती ओरडली. "आजोबा, हातच ह्याचं पोट आहे. बोन्स पण हात, ब्लड पण हाताचं. मग हाताचा माणूस जे खातो ते ह्याला मिळतं. राइट?"

मी विचार केला. गोचीड तसंच जगतो, पोटातलं वासरूही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही हे पटलं असतं. मी म्हटलं, "बरोबर आहे."

"पिवळा आणि ठिपक्या माझे आहेत, म्हणून ते पिझ्झा खातात. हा आजीचा आहे." तिनं पेन्सिल उचलली. "आजीला काय खायला आवडायचं?"

"पुरणपोळी," मी म्हटलं.

क्षणाचाही उशीर न लावता म्हटलं. ती लिहायला लागली.

"तुपाबरोबर की दुधाबरोबर?"

"दुधाबरोबर."

"किती?"

"दोन. सणाला तीन."

तिनं सगळं लिहून घेतलं. बोलताना मला काही वाटलं नाही, उलट आपण हुशारीनं उत्तर दिलं असंच वाटलं.

संध्याकाळी लेक कामावरून आली. जेवताना नातीनं तिला कागद वाचून दाखवला. दात, डोळे, शेण ह्यावर लेक खूप हसली. आहाराशी आल्यावर तिचा घास हातातच राहिला.

"पुरणपोळी? आईला?"

"आजोबांनी सांगितलं."

"बाबा, आईला हरभऱ्याची डाळ चालायचीच नाही. जरा खाल्ली की रात्रभर पोट धरून बसायची. ती तुमच्यासाठी पोळ्या करायची आणि स्वतः भात खायची. पुरणपोळी तुम्हाला आवडते. दुधाबरोबर. सणाला तीन."

जावई ताटात बघत राहिला. मी म्हटलं, "असेल. विसरलो."

"विसरलो म्हणू नका," लेक म्हणाली. "विसरायला आधी माहीत असावं लागतं."

नातीला ह्या बोलण्यात काही रस नव्हता. तिचा कागद खराब झाला होता. तिनं पुरणपोळी खोडरबरानं घासून काढली आणि आईकडं वळली. "मग तू सांग. आजीचं फेवरिट काय?"

लेकीनं तोंड उघडलं. मग मिटलं. मग म्हणाली, "भाकरी खायची. कालवण उरलेलं असायचं ते."

"लेफ्टओव्हर्स नाही, मम्मी. फेवरिट."

लेक उठली आणि भांडी मशीनमध्ये लावायला लागली. मी माझं ताट घेऊन मागं गेलो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मलाही नाही माहीत, बाबा. मलाही ती आधीच वाढायची."

आमच्याकडं पद्धत अशी होती. मी बाहेरच्या खोलीत बसायचो. ती आतून गरम भाकरी आणून वाढायची, मी जेवायचो, पोरं जेवायची, मी उठून आडवा व्हायचो. मग ती चुलीपाशी, पुढं गॅस आल्यावर ओट्याखाली, दाराकडं पाठ करून बसायची. माझ्याच ताटात जेवायची. चाळीस वर्षांच्या वर संसार झाला. त्यात ती जेवताना मी तिच्यासमोर बसलोय असं एकदाही झालं नाही. लग्नात पंगतीत घास भरवला असेल, तोही लोकांनी भरवायला लावला म्हणून.

एकदा मी तंबाखूची डबी शोधत आत गेलो. ती काहीतरी खात होती. मला बघून तिनं तोंडाला पदर लावला आणि उभी राहिली. मी म्हटलं, "काय, चोरून खातेस काय?" थट्टेनंच म्हटलं. ती हसली, तोंडातलं गिळलं आणि डबी काढून दिली. तिच्या तोंडात काय होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आज ते कळावं म्हणून मी काय वाटेल ते देईन, पण आज त्याचा काय उपयोग?

आणि हाच मी. कुणाच्या म्हशीनं वैरण खाणं टाकलं की सायकल मारत सहा मैल जायचो. गव्हाणीपाशी उकिडवा बसून बघायचो, तोंड लावते का, एका घासाला किती वेळा रवंथ करते. हिला कडबा नको, हिला हिरवा घास पाहिजे, हिला पेंड भिजवून द्या. मालकाला झापायचो, "मुकं जनावर आहे, तुम्हाला बघायला नको?"

शेवटच्या आजारात ती दवाखान्यात होती. आहार ठरवणारी एक तरुण बाई कागद घेऊन आली. पेशंटला काय आवडतं, म्हणाली. मी म्हटलं, "तिला काहीही चालतं. तिच्या खाण्याची कधी कटकट नाही." मी ते तिचं कौतुक म्हणून बोललो होतो. बायको जागी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, वर पंख्याकडं बघितलं. त्या बाईनं कागदावर खूण केली आणि गेली. मग रोज मऊ भात यायचा.

नातीचं काम अडून होतं. मी दुसऱ्या दिवशी मेहुणीला फोन लावला. बायकोची धाकटी बहीण, गावाकडं असते. म्हटलं, तुझ्या बहिणीला खायला काय आवडायचं?

"का हो दाजी? वर्षश्राद्ध तर झालं."

"शाळेला पाहिजे. नातीच्या."

"अमेरिकेत शाळेत आमच्या अक्काला शिकवतात होय!" ती हसली. मग बोलायला लागली, ती थांबेनाच. चिंचेचा कोवळा पाला. शेंगदाणे आणि गूळ, पण गूळ काळाच पाहिजे. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. ओला हरभरा चालायचा नाही, पण भाजून हुळा केला की लपूनछपून खायची आणि मार खायची. तव्यावर करपलेली भाकरी मुद्दाम मागून घ्यायची. मी फोन कानाला लावून नातीच्या वहीच्या पाठीमागं सगळं उतरवून घेत होतो.

"हे सगळं लग्नाआधीचं," मेहुणी म्हणाली. "तुमच्याकडं आल्यावर काय खायची ते तुम्ही मला सांगा. मलाबी ऐकायचंय."

मी वहीचं पान उलटलं.

"हॅलो? दाजी? लाइन गेली काय?"

"नाही. आहे."

"आहे तर मग सांगा की."

मी म्हटलं, इकडं उशीर झालाय, ठेवतो. इकडं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, उन्हं अजून वर होती.

नातीला मी मोठ्या ऐटीत यादी दिली. तिनं नीट ऐकून घेतली. माडगं म्हणजे काय, हुळा म्हणजे काय, विचारलं. मग पेन्सिल कानावर खोचून म्हणाली, "आजोबा, हे आजी किड होती तेव्हाचं आहे."

"हो."

"हिरवा तर आजी ओल्ड झाल्यावर झाला."

"मग काय झालं? आजी तीच ना?"

"नो. कॅटरपिलर पानं खातो. बटरफ्लाय पानं खात नाही. दोघं सेमच असतात, पण डाएट वेगळं असतं."

तिनं शास्त्र बरोबर धरलं होतं. मी म्हटलं, भाकरी लिही, संपव. ती म्हणाली, टीचरनं सांगितलंय, गेस करून लिहायचं नाही, ज्यानं पाहिलं त्याला विचारायचं.

"आजी जेवायची तेव्हा घरात कोण असायचं?"

"मी."

"मग तू पाहिलं असशील."

तेव्हा मी तिला सांगितलं. आठ वर्षांच्या पोरीला सांगावं की नाही, मला कळत नव्हतं, पण परत खोटं बोलायची हिंमत राहिली नव्हती. मी म्हटलं, आजी सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवायची. मी कधी बघितलं नाही.

"नेव्हर?"

"नाही."

"तू कुठे होतास?"

"बाहेरच्या खोलीत."

"किती लांब?"

"चार पावलं."

ती उठली. फ्रीजपासून चार पावलं चालली आणि वळून बघितलं. टेबलावरचा मिठाचा डबासुद्धा तिथून दिसत होता. ती परत येऊन बसली आणि आहाराच्या चौकटीत तीन ओळी लिहिल्या. मला इंग्रजी अक्षर लागतं, पण अर्थ पुरता लागत नाही. मी लेकीकडून वाचून घेतलं. लिहिलं होतं: आहार माहीत नाही. बाकीच्यांचं खाऊन झाल्यावर एकटा खातो. खाताना त्याला कुणी पाहिलेलं नाही.

खाली, माहिती कुणी दिली तिथं, माझं नाव.

"माझं नाव काढ," मी म्हटलं.

"नाही काढता येत. तूच विटनेस आहेस."

"लोक वाचतील गं."

"वाचायलाच लावतात, आजोबा."

मी लेकीकडं बघितलं, ती काही बोलेल म्हणून. ती म्हणाली, "बाबा, जे आहे ते आहे," आणि मला पांढरा सदरा इस्त्री करून दिला.

शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर एक पुठ्ठा, पुढं पोर उभं, मागं आईबाप. वाघांच्या टेबलांवर गर्दी होती. हिरव्याला नातीनं पाण्याच्या बाटलीवर बसवला होता. नागपूरकडची एक बाई, लेकीच्या ओळखीची, तिन्ही ओळी वाचून म्हणाली, "अगं बाई, किती शाय आहे बिचारा!" मला म्हणाली, "काका, तुमची नात फार इमॅजिनेटिव्ह आहे हो." मी मान हलवली. खाली माझं नाव होतं ते तिनं वाचलं असेल, नसेल.

मग टीचर आली. तरुण, उंच बाई. तिनं सगळं सावकाश वाचलं, शेणाच्या ओळीला हसली, आणि आहारापाशी थांबून काहीतरी विचारलं. नातीनं मला मराठीत सांगितलं, "ती विचारते, हा एकटा का खातो? बाकीच्यांना घाबरतो का?"

"घाबरत नव्हता," मी म्हटलं. "तशी पद्धत होती."

नातीनं सांगितलं. टीचरनं मान डोलावली आणि आणखी विचारलं.

"आणि हा खातो तेव्हा बाकीचे काय करतात?"

मी म्हटलं, "झोपतात."

मला वाटलं, आता हे इंग्रजीत जाईल आणि मी मोकळा होईन. नात माझ्याकडं बघत राहिली. मग टीचरकडं वळून तिनं इंग्रजीत उत्तर दिलं, आणि ते एका शब्दापेक्षा बरंच लांब होतं. टीचरचा चेहरा मऊ झाला. तिनं छातीवर हात ठेवला, माझ्याकडं बघून हसली आणि पुठ्ठ्यावर एक चांदणी चिकटवली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

ती पट्टा लावत होती. "मी सांगितलं, बाकीचे बाहेर उभे राहतात. पहारा देतात. म्हणजे त्याला शांतपणे खाता येतं."

"मी झोपतात म्हटलं होतं."

"आय नो."

"गेस लिहायचं नाही म्हणत होतीस."

"लिहिलं नाहीये. बोर्डवर नाहीये ते. फक्त तोंडानं बोलले." आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझा फेस खूप सॅड झाला होता."

पुढं लेक गाडी चालवत होती. तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला त्या जेवणाच्या टेबलावर वाटली नव्हती एवढी लाज गाडीत वाटली. आठ वर्षांची पोर, अमेरिकेत जन्मलेली, हिनं कधी कुणाला उष्ट्या ताटात जेवताना बघितलेलं नाही. आणि माझा चेहरा उतरलेला बघून हिनं चार लोकांत माझी बाजू सावरून घेतली. जन्मभर एका बाईकडून मी हेच घेतलं. आता हिच्याकडूनही घ्यायला लागलो.

मी म्हटलं, "ऐक. पुन्हा कुणी विचारलं, तर झोपतात म्हणूनच सांगायचं. घोरतात म्हण. चार पावलांवर."

"स्नोअर करतात?"

"मोठ्यानं."

"टीचरला पण सांगू?"

"उद्याच सांग."

तिनं जरा विचार केला. "मग स्टार परत घेईल ती."

"घेऊ दे," मी म्हटलं.